डेस्कटॉप संगणकातील ग्राफिक्स प्रोसेसरांचे असमान तापमान : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९५ ते २०२२)

प्रस्तावना

एकाच कंपनीची, एकाच प्रतीची दोन ग्राफिक्स कार्डे एका संगणकात बसवून त्यांना सारखेच काम दिले, तर त्यांचे तापमानही सारखे राहावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र तसे घडत नाही. उभ्या कॅबिनेटमध्ये वरच्या स्लॉटमधील कार्ड खालच्या कार्डापेक्षा दहा अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक तापलेले आढळणे ही नित्याची बाब आहे. अशा वेळी वरचे कार्ड सदोष असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. परंतु दोन्ही कार्डांची अदलाबदल केली, की बहुधा वर आलेले दुसरे कार्ड तापू लागते. याचाच अर्थ असा की, दोष वस्तूत नसून तिला मिळालेल्या स्थानात असतो.

हे स्थान कोणी व केव्हा ठरविले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात नव्या शोधांची नोंद आवर्जून घेतली जाते. मात्र त्या शोधांना ज्या जुन्या चौकटीत सामावून घ्यावे लागले, त्या चौकटीकडे तुलनेने कमी लक्ष जाते. प्रस्तुत निबंधात ग्राफिक्स प्रोसेसरांच्या असमान तापमानाकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. असमान तापमानाची कारणे संगणकाच्या रचनेच्या इतिहासात शोधणे.
२. या प्रश्नावर वेळोवेळी योजलेल्या उपायांचा आढावा घेणे.
३. तापमानातील फरकाचा कार्यक्षमतेशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

विषय विवेचन

१) रचनेचा वारसा : आजच्या बहुसंख्य डेस्कटॉप संगणकांची अंतर्गत रचना इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकावर आधारलेली आहे. त्यातील दोन लगतच्या स्लॉटमधील ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर हे अंतर तर त्याहूनही जुने असून ते आयबीएमच्या १९८३ मधील एक्सटी संगणकापासून चालत आले आहे. एटीएक्स पद्धतीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डे आडवी बसतात आणि त्यांची चिप असलेली बाजू खाली येते. ज्या काळात ही रचना रूढ झाली त्या काळातील कार्डांना विजेची गरज अल्प होती व बहुतेकांना पंख्याची आवश्यकता नव्हती. त्यामुळे कार्डाचे तोंड खाली असण्याला त्या वेळी विशेष महत्त्व नव्हते.

२) पहिली जोडी : घरगुती संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे एकत्र चालविण्याचा पहिला लोकप्रिय प्रयोग थ्रीडीएफएक्स कंपनीच्या १९९८ मधील व्हूडू-२ या कार्डाने केला. दोन कार्डे पट्टीसारख्या वायरने जोडली जात व पडद्यावरील आडव्या रेषा ती आलटून पालटून रेखाटत. एका कार्डाची ८०० × ६०० ही मर्यादा त्यामुळे १०२४ × ७६८ पर्यंत वाढली. या कार्डांवरील चिप सामान्यतः हीटसिंकविना चालत. शेजारच्या कार्डाच्या उष्णतेचा प्रश्न तत्त्वतः तेव्हाही होता. परंतु उष्णताच थोडी असल्याने तो जाणवला नाही. पुढे ग्राफिक्ससाठी एजीपी हा स्वतंत्र स्लॉट रूढ झाला आणि मदरबोर्डवर तो सहसा एकच असल्यामुळे जोडीची कल्पना काही काळ मागे पडली.

३) जोडीचे पुनरागमन : २००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस स्लॉट प्रचारात आले आणि एका मदरबोर्डवर दोन वेगवान कार्डे बसविणे पुन्हा शक्य झाले. त्याच वर्षी एनव्हिडियाने एसएलआय आणि २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर ही पद्धत आणली. मधल्या काळात कार्डाचे स्वरूप मात्र पालटले होते. २००३ मधील जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाने दोन स्लॉटची जागा व्यापली आणि त्याच्या पंख्याचा आवाज टीकेचा विषय ठरला. २०१० मधील जीफोर्स जीटीएक्स ४८० या कार्डाची उष्णताक्षमता २५० वॅट इतकी नोंदविलेली होती. स्लॉटमधील अंतर मात्र १९८३ चेच राहिले.

परिणामी, दोन स्लॉट व्यापणारी दोन कार्डे लगत बसविल्यास त्यांच्यामध्ये काही मिलिमीटरचीच फट उरते. वरच्या कार्डाचा पंखा खालच्या कार्डाच्या तापलेल्या पाठीला जवळजवळ चिकटतो. त्याला हवा कमी मिळते आणि जी मिळते तीही गरम असते. खालच्या कार्डासमोर मात्र मोकळी जागा असते. "गरम हवा वर जाते" हे यासंबंधीचे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे आहे. पंख्यांनी खेळविलेल्या हवेत नैसर्गिक अभिसरणाचा वाटा गौण ठरतो. कॅबिनेट आडवे केले तरी ज्या पंख्यासमोर शेजाऱ्याची पाठ आहे, त्याची अडचण कायम राहते.

हवा मागील पट्टीतून कॅबिनेटबाहेर टाकणारे ब्लोअर पद्धतीचे पंखे आणि हवा कॅबिनेटमध्येच सोडणारे खुले पंखे, असे दोन प्रकार या काळात दिसतात. एकट्या कार्डासाठी खुला पंखा अधिक शांत व परिणामकारक ठरतो; जोडीत मात्र तो शेजाऱ्याला गरम हवा पुरवितो. एका कार्डाच्या परीक्षणात उत्तम ठरलेली वस्तू समूहात गैरसोयीची ठरावी, हा या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास होय.

४) एकाच कार्डावरील असमानता : एका कार्डावर दोन प्रोसेसर बसविण्याचेही प्रयोग झाले. २००८ मधील रेडिऑन एचडी ४८७० एक्स२ या कार्डाच्या एका टोकाला पंखा होता. त्यामुळे हवा एका प्रोसेसरवरून तापून दुसऱ्याकडे जाई. २०११ मधील रेडिऑन एचडी ६९९० व जीफोर्स जीटीएक्स ५९० या कार्डांत पंखा मध्यभागी आला आणि दोन्ही प्रोसेसरांना ताजी हवा मिळू लागली. मात्र एका बाजूची गरम हवा आता कॅबिनेटमध्येच सुटू लागली. म्हणजे असमानता नाहीशी झाली नाही. तिचे ओझे कार्डाकडून कॅबिनेटकडे सरकले. २०१४ मधील रेडिऑन आर९ २९५ एक्स२ या ५०० वॅटच्या कार्डाला तर कारखान्यातूनच द्रवशीतन जोडावे लागले.

मूळ रचनाच बदलण्याचा प्रयत्नही झाला होता. इंटेलने २००३ मध्ये जाहीर केलेल्या बीटीएक्स मानकात हवेच्या सरळ प्रवाहाला प्राधान्य होते. परंतु विद्यमान कॅबिनेट व मदरबोर्डच्या बाजारपेठेपुढे ते टिकले नाही आणि २००६ मध्ये इंटेलने त्यातून माघार घेतली.

५) अंशांचे वेगात रूपांतर : २०१२ पर्यंत तापमानातील फरक हा प्रामुख्याने आवाजाचा व टिकाऊपणाचा प्रश्न होता. त्या वर्षी एनव्हिडियाने जीटीएक्स ६८० कार्डासोबत प्रोसेसरचा वेग परिस्थितीनुसार आपोआप वाढविणारी पद्धत आणली. २०१३ मधील जीटीएक्स टायटनमध्ये ८० अंश सेल्सिअस हे तापमान-लक्ष्य तिच्याशी जोडले गेले. लक्ष्य गाठताच वेग उतरू लागे. आता अधिक तापलेले कार्ड संथही होऊ लागले. दोन प्रोसेसर आळीपाळीने चित्रे तयार करीत असतील, तर संथ प्रोसेसर दुसऱ्यालाही खोळंबून ठेवतो. सारांश, समूहाचा वेग सरासरीने ठरत नाही; तो सर्वांत प्रतिकूल जागी बसलेल्या घटकाने ठरतो.

६) खेळाकडून संशोधनाकडे : हा प्रश्न केवळ संगणकीय खेळांपुरता राहिला नाही. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये टोमोग्राफीतील गणनांसाठी चार कार्डांवरील आठ प्रोसेसरांचा फास्ट्रा हा डेस्कटॉप महासंगणक उभारला. २००९ मधील फास्ट्रा-२ मध्ये सात कार्डांवर तेरा प्रोसेसर होते. ही कार्डे मदरबोर्डवर थेट बसविणे शक्य नसल्याने ती लवचिक केबलने जोडून स्वतंत्र चौकटीत ठेवली गेली. २०१२ मध्ये प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत अग्रस्थान मिळविणारे अ‍ॅलेक्सनेट हे प्रारूपही दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच ते सहा दिवसांत प्रशिक्षित झाले होते. दिवसचे दिवस चालणाऱ्या अशा कामात स्लॉटमधील अंतर हा संशोधनाच्या वेळापत्रकाचा भाग बनतो.

सर्व्हरच्या क्षेत्रात वेगळा मार्ग निवडला गेला. एनव्हिडियाच्या २०१० मधील टेस्ला एम-२०५० या कार्डाला स्वतःचा पंखाच नव्हता. सर्व्हरमधील पंखे प्रत्येक कार्डातून समांतर हवा ढकलत. कार्ड आणि कॅबिनेट यांचा एकत्र विचार झाल्याने शेजाऱ्याची गरम हवा ओढण्याचा प्रश्न तेथे उरला नाही.

७) जोडीचा अस्त : सॉफ्टवेअरकडून मिळणारे पाठबळ कमी होत गेले, हे घरगुती जोडीच्या अस्ताचे प्रमुख कारण होय. २०२० मधील जीफोर्स ३० मालिकेत केवळ आरटीएक्स ३०९० या कार्डाला जोडणीची सोय होती. २०२२ मधील ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० मध्ये तीही राहिली नाही. संशोधनासाठी अनेक कार्डे वापरणाऱ्यांपुढे मात्र जुनाच प्रश्न उभा आहे.

निष्कर्ष

१. असमान तापमान हा बहुतांशी कार्डाचा दोष नसून, अल्प उष्णतेच्या काळात ठरलेल्या रचनेचा वारसा आहे.
२. बहुतेक उपाय कार्डापुरते मर्यादित राहिले. त्यांनी उष्णतेची जागा बदलली, असमानता मिटविली नाही. संपूर्ण रचनेचा विचार झाला तेथेच प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला.
३. २०१२ नंतर तापमानातील फरक हा कार्यक्षमतेतील फरक ठरला.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी अनेक कार्डांचा संगणक घेताना कार्डांची संख्या व किंमत पाहिली जाते. त्यांमधील अंतर व हवेचा मार्ग क्वचितच पाहिला जातो. तापलेले कार्ड सदोष ठरवून परत पाठविण्यापूर्वी त्याची जागा एकदा बदलून पाहावी. समान क्षमतेच्या घटकांना असमान परिस्थितीत ठेवून त्यांच्याकडून समान फलिताची अपेक्षा करणे योग्य नव्हे, हाच या छोट्याशा इतिहासाचा बोध म्हणता येईल.