इलेक्ट्रिक टूथब्रश निवडताना...

टूथब्रश विकत घेणे ही एकेकाळी मिनिटभराची बाब होती. आता दुकानाच्या फळीवर गोल फिरणारे, 'सोनिक', 'अल्ट्रासोनिक', सेलवर चालणारे आणि चार्ज होणारे ब्रश शेजारी शेजारी मांडलेले असतात. किमती काही शे रुपयांपासून अनेक हजारांपर्यंत जातात. खर्च तेवढ्यावर थांबत नाही. एकदा हँडल घेतले की त्यालाच बसणारी ब्रशची डोकी, म्हणजे हेड, पुढे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. शिवाय चुकीच्या घासण्याने हिरडी मागे सरकली, तर ती आपोआप पूर्वीच्या जागी येत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी थोडी माहिती घेतलेली बरी.

सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये

पहिला यशस्वी इलेक्ट्रिक टूथब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला. फिलिप-गी वूग यांनी बनविलेल्या या ब्रशचे नाव होते 'ब्रॉक्सोडेंट'. हाताची हालचाल नीट होत नाही अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा बसविलेल्यांसाठी तो उपयुक्त मानला जाई. तो थेट घरातील विजेवर चाले. १९६१ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने वायर नसलेला, चार्ज होणारा ब्रश बाजारात आणला. आज दिसणारे दोन मुख्य प्रकार मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून रुळले.

प्रकार कोणते?

गोल डोक्याचा ब्रश : याचे छोटे, वाटोळे डोके पूर्ण फेरा घेत नाही. ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे झपाट्याने अर्धवट फिरते. अनेक मॉडेलमध्ये त्याच्या जोडीला पुढे-मागे होणारे ठोकेही असतात. डोके लहान असल्याने ते अक्कलदाढेच्या मागेही पोहोचते. आवाज मात्र काहीसा जास्त असतो.

सोनिक ब्रश : याचे डोके नेहमीच्या ब्रशसारखे लांबट असते आणि ते अतिशय वेगाने थरथरते. प्रमुख मॉडेलमध्ये हा वेग मिनिटाला सुमारे ३१ हजार हालचालींचा असतो. हाताने घासताना तो काहीशेच असतो. ही थरथर कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या पट्ट्यात येते, म्हणून 'सोनिक' हे नाव. दात ध्वनीने स्वच्छ होतात असा त्याचा अर्थ नव्हे. मुख्य काम केसांचेच असते.

अल्ट्रासोनिक ब्रश : यात सेकंदाला २० हजारांहून अधिक, म्हणजे कानाला ऐकू न येणारी कंपने असतात. या प्रकाराविषयीचा शास्त्रीय पुरावा पहिल्या दोन प्रकारांच्या तुलनेत तोकडा आहे.

सेलवर चालणारा ब्रश : हा सर्वांत स्वस्त. सेल उतरत गेले की वेग मंदावतो. प्रवासासाठी किंवा सवय जमते का हे पाहण्यासाठी तो ठीक आहे.

अभ्यास काय सांगतात?

वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्या तपासल्या. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशने दातांवरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, पहिल्या एक ते तीन महिन्यांत ११ टक्क्यांनी, तर तीन महिन्यांनंतर २१ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. हिरड्यांचा दाह अनुक्रमे ६ व ११ टक्क्यांनी घटला. मात्र या फरकाचे दातांच्या दीर्घकालीन आरोग्यासाठी किती महत्त्व आहे, हे स्पष्ट नसल्याचेही आढाव्यात नमूद आहे.

प्रकाराप्रकारांतील फरक त्याहून लहान आहे. याच संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात गोल डोक्याचे ब्रश बाजूने हलणाऱ्या ब्रशपेक्षा अल्प मुदतीत किंचित सरस ठरले, पण तो फरक थोडाच होता. थोडक्यात, 'गोल की सोनिक' या वादात फार अडकण्याचे कारण नाही. तोंडात जो सोयीचा वाटेल तो घ्यावा आणि पैसे पुढील गोष्टींसाठी मोजावेत.

खरेदीपूर्वी पाहा

- टायमर : दोन मिनिटे पूर्ण झाल्याचे आणि दर ३० सेकंदांनी जबड्याचा भाग बदलण्याचे सूचित करणारा. बहुतेकांचे घासणे वेळेआधीच आटोपते, म्हणून ही सोय सर्वांत उपयोगी.
- दाबसूचक : जोर जास्त झाल्यास दिवा लागतो किंवा वेग कमी होतो. हिरड्यांच्या रक्षणासाठी महत्त्वाचा.
- हेड : केस मऊ असावेत. हेड दर तीन ते चार महिन्यांनी बदलावे लागते. ते आपल्या शहरात सहज मिळते का आणि वर्षाचा खर्च किती, हे आधी विचारावे.
- व्होल्टेज : अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या ब्रशचे काही चार्जर केवळ ११० ते १२० व्होल्टवर चालतात. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. चार्जरखालचे लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नये.
- बॅटरी : बहुतेक ब्रशची बॅटरी बदलता येत नाही, त्यामुळे वॉरंटी पाहावी. निकामी ब्रश ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.

ब्लूटूथ, मोबाईल ॲप, पाच-सहा 'मोड' यांमुळे किंमत वाढते. दात स्वच्छ होण्यासाठी त्यांची गरज नाही.

कोणाला विशेष उपयोगी?

संधिवात, कंपवात किंवा अर्धांगवायूमुळे हाताची पकड कमी झालेल्यांना, दातांना तारा असलेल्यांना आणि ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना या ब्रशची खरी मदत होते. पेसमेकर असलेल्यांनी वापरापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. लहान मुलांसाठी छोट्या डोक्याचा ब्रश घ्यावा आणि मोठ्यांनी जवळ उभे राहावे.

वापर कसा करावा?

ब्रश तोंडात नेल्यावरच सुरू करावा, म्हणजे पेस्टचे शिंतोडे उडत नाहीत. सवयीप्रमाणे खसाखसा घासू नये. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे केस अलगद टेकवून प्रत्येक दातावर क्षणभर थांबावे आणि पुढे सरकावे. दोन दातांमधील फटीत कोणताही ब्रश पुरेसा पोहोचत नाही. तिथे दोरा, म्हणजे फ्लॉस, किंवा फटींसाठीचा बारीक ब्रशच लागतो. घट्ट झालेले कीटण तर दंतवैद्यांनाच काढावे लागते.

साधा ब्रश दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटे, हलक्या हाताने वापरणाऱ्याने इलेक्ट्रिक ब्रश घेतलाच पाहिजे असे नाही. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी टायमर आणि दाबसूचक असलेला मध्यम किमतीचा ब्रश पुरेसा आहे. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असल्यास मात्र नवा ब्रश शोधण्याआधी दंतवैद्यांकडे जावे.