मोह गळतो तेव्हा

कळंबच्या चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पोटात आहे. दर्शन घेऊन तुम्ही पायऱ्या चढून वर येता, तेव्हा साल 1900 चालू असतं. यवतमाळ नावाचा जिल्हा अजून व्हायचाय, सरकारी कागदांत तो वणी जिल्हा आहे. वऱ्हाडात दुष्काळ आहे आणि फाल्गुन सरत आलाय. कोलाम आदिवासींच्या पोडाकडे, म्हणजे वस्तीकडे, जाणाऱ्या वाटेवर एक गोड, उग्र वास तुम्हाला गाठतो. मोह गळतोय.

झुंजूमुंजू झालंय. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून टाकलाय, म्हणजे पडलेलं फूल चटकन दिसावं. उन्हं वर यायच्या आत वेचून व्हायला हवं, म्हणून तुम्हीही वाकता. फिकट पिवळं, गरदार फूल बोटांत दाबलं की चिकट रस सुटतो. जिभेला लावलंत तर गुळासारखा गोड. शेजारच्या बाईची टोपली भरत आलीय, ती पोरांच्या पोटासाठी. ज्वारी बुडालेल्या साली उकडलेली मोहफुलं हेच जेवण. दारूचा विचार पोट भरल्यावर.

चार वर्षं पुढे या. पीक आलंय, पोडावर लग्न आहे. वाळवलेली फुलं माठात भिजत घातलीत. काही दिवसांत पाणी फसफसायला लागतं, हा सडवा. तो मडक्यात घालून चुलीवर चढवतात. त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत एक लहान भांडं, आणि सगळ्यांत वर थंड पाण्याचं पातेलं. सांधे ओल्या मातीनं लिंपलेले. वाफ वर चढते, पातेल्याच्या गार बुडाला लागते आणि थेंब होऊन आतल्या भांड्यात पडते. वरचं पाणी तापलं की लगेच बदलायचं. पहिली धार सगळ्यांत कडक, पुढे पुढे दारू सौम्य होत जाते. जाळ जास्त झाला तर करपट वास लागतो, म्हणून म्हातारी चुलीपासून हलत नाही. प्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या नावानं.

वाफेतून दारू उतरवायची हीच कला दुसऱ्या मातीत कशी मिरवते, ते पाहायला आता समुद्रापार या, डिसेंबर 1953. अमेरिकेतलं 'एस्क्वायर' मासिक वाचकांना मार्गारिटा करायला सांगतंय: टकीला, संत्र्याच्या सालीचं लिकर, लिंबाचा रस, ग्लासच्या काठाला मीठ. यातल्या पहिल्या तीन गोष्टींचं पेय 1937 साली लंडनच्या एका कॉकटेल-पुस्तकात 'पिकाडोर' नावानं छापून गेलंय. मार्गारिटा पहिल्यांदा कुणी केली यावर अनेकांचे दावे आहेत. टकीलाचं मूळ मात्र पक्कं: आपल्या बांधावरच्या घायपाताच्या कुळातली निळी अगावे. मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतात तिचा गड्डा भाजतात, चेचतात, रस आंबवतात आणि त्याची वाफ धरतात. पोडावर तुम्ही पाहिलेलीच ही विद्या. 1974 साली मेक्सिकोनं टकीला हे नाव कायद्यानं आपल्या मातीशी बांधून घेतलं.

परत कळंबला या. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये मोहफुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले, पण घरची भट्टी आजही गुन्हाच. पलीकडे, वर्धा नदी ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा लागतो. दारूनं संसार मोडलेल्या बायांचा राग खरा आहे, आणि तो ऐकल्याशिवाय मोहाबद्दल बोलायचा हक्क कुणालाच नाही. पण बातम्यांत मोह येतो तो फक्त धाडीत ओतलेल्या सडव्यापुरता, हेही मला पटत नाही. दुष्काळात ज्यानं जगवलं ते हे झाड, आणि वाफेला थेंबात उतरवणारी ती म्हातारी या कलेची जाणकार. उद्या मोहाची दारू मोठ्या शहरांत काचेच्या सुबक ग्लासात मिळू लागली, तर बाटलीवर पोडाचं नाव हवं आणि पैशातला पहिला वाटा पहाटे वेचणाऱ्या बाईचा हवा.