कोणत्या दाराने अडविले?

छत्रपती संभाजीनगराहून वेरूळच्या वाटेने सुमारे 15 किलोमीटरांवर लागणाऱ्या देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या किल्ल्याची ख्याती त्याच्या उंचीमुळे झाली, असे पुष्कळांस वाटते. परंतु जो मनुष्य तो चढून गेला असेल त्यास ठाऊक असते की, या दुर्गाचे खरे सामर्थ्य एकामागून एक रचलेल्या मनाईंत आहे. बाहेरचा अंबरकोट, मग महाकोट, मग कालाकोट. अणकुचीदार खिळ्यांनी मढविलेली आणि मुद्दाम एका रेषेत न ठेवलेली दारे. पुढे कातळ तासून केलेला खंदक. आणि खंदकापलीकडे अंधारी. खडकात कोरलेल्या या नागमोडी, काळोख्या भुयाराच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण घालून त्यावर विस्तव पेटविण्याची सोय होती. खालची सारी दारे जिंकून आलेला शत्रू धुराने येथेच गुदमरावा, अशी ती योजना. प्रत्येक दार मागच्या दारावर अविश्वास दाखवी. एका दाराची मुभा पुढच्या दारास बंधनकारक नसे.

मराठ्यांच्या दुर्गव्यवस्थेतही हेच तत्त्व मुरले होते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून दिसते की, शिवछत्रपतींच्या गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशा तिघांत अधिकार विभागलेला असे व कोठाराचा कारखानीस निराळा; कोणा एकाच्या मर्जीवर गड शत्रूस मिळू नये, हा त्यातील हेतू उघड आहे. असा बंदोबस्त आपल्याच माणसांसही जाचतो. रायगडाचे दरवाजे सांजवेळी बंद झाल्याने तान्ह्या लेकराकडे जाण्यासाठी कडा उतरलेल्या हिरकणीचे आपण कौतुक करतो. पण महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्याच कड्यावर बुरूजही बांधविला, ही दंतकथेची दुसरी बाजू मला अधिक बोधक वाटते.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील कारखान्यांत आता गडाच्या दारावर दाखवाव्या लागणाऱ्या दस्तकाची, म्हणजे परवान्याची, जागा संगणकाच्या परवानगीने घेतली आहे. रात्री आपोआप चालून साठ्याचा हिशेब तयार करणारा प्रोग्राम, काल बिनतक्रार चाललेला, आज ‘ॲक्सेस डिनाइड’ एवढेच लिहून थांबतो; आणि कचेरीतील कोणी जाणकार, वेळ वाचविण्यासाठी, त्यास ॲडमिनिस्ट्रेटरचे सर्वाधिकार बहाल करून मोकळा होतो. हा उपाय म्हणजे एका कारकुनाच्या सोयीसाठी गडाच्या साऱ्या किल्ल्या त्याच्या कमरेला बांधणे होय. 1975 साली सॉल्टझर आणि श्रोडर या अमेरिकी संशोधकांनी, प्रत्येक प्रोग्रामास कामापुरताच अधिकार असावा, असे मांडले. आपल्या गडकऱ्यांस त्यात नवे काही वाटले नसते.

खरा शोध अडविणाऱ्या दाराचा असतो. हाताने चालविल्यास तोच प्रोग्राम चालतो काय? चालत असेल, तर रात्री तो ज्या खात्याच्या नावे धावतो त्याची सनद अपुरी आहे. फाइलीची परवानगी ठीक असूनही अँटिव्हायरस त्या फोल्डरावर पहारा देत असेल, तर अडथळा तेथे. आणि आज केलेली दुरुस्ती उद्या पुसली जात असेल, तर हुकूम मुख्य सर्व्हरवरील सुरक्षा-धोरणाचा आहे. ते ठरावीक अंतराने पुन्हा लागू होते, म्हणून स्थानिक खटपट व्यर्थ, अर्ज तिकडेच करावा लागतो. हे सर्व संगणकाच्या लॉगमध्ये बहुधा वेळेसह नोंदलेले असते. ते दफ्तर उघडण्याचा कंटाळा हेच अर्ध्या दुखण्याचे मूळ.

दारांनी सर्व काही अडते असेही नाही. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेव्हा तेथील यादव राजा रामदेवराय याच्या माणसांनी घाईने गडावर चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. आपल्याच माणसांच्या खांद्यावरून आलेली गोणी कोणत्याही दाराने उघडून पाहिली नव्हती. 1633 साली मोगल सेनापती महाबतखानाने अंबरकोट आणि महाकोट सुरुंग लावून फोडले; पुढचा भाग मात्र, आतला दाणागोटा संपल्यावर, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा पुत्र फतहखान याने तह करून स्वतःच खाली करून दिला.