बी.एड.च्या बाई आणि जास्वंदीची फुलं

नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या वर्गावर बी.एड.चे पाठ व्हायचे, हे तुम्हां सगळ्यांना आठवत असेल. काखेत तक्त्यांची सुरळी, हातात गुंडाळी फळा आणि शेवटच्या बाकावर वही उघडून बसलेले त्यांचे मार्गदर्शक. त्यांच्यातल्या एक बाई एकदा पिशवीभर जास्वंदीची फुलं घेऊन आल्या. प्रत्येक बाकावर त्यांनी एक फूल ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घरी देवाला कोणती फुलं वाहतात?" कुणी झेंडू म्हणालं, कुणी शेवंती. जास्वंद कुणीच म्हणेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "प्लॅस्टिकची!" वर्ग जो हसत सुटला तो तास संपेपर्यंत आवरला नाही. पुंकेसर, जायांग राहिलं बाजूला, फुलं एकमेकांच्या अंगावर उडाली.

तो आवाज माझा होता. हे आज पहिल्यांदाच लिहून देते आहे.

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी आपल्या जीवशास्त्राच्या बाईंना फोन केला. त्या दिवशी त्या बाई एवढ्या का अडकल्या, हे मला समजून घ्यायचं होतं. उत्तर शोधता शोधता मी शिक्षक घडवण्याच्या इतिहासात शिरले.

आपल्याकडे शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं ते प्राथमिक शाळांसाठी. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचं काम पाहिलं. सावित्रीबाई फुले यांनी शिकवण्याचं शिक्षण अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे घेतलं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही शिक्षक-प्रशिक्षणावर भर दिला. पण हायस्कुलात शिकवायला पदवी असली की पुरे, अशीच समजूत बराच काळ होती. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात शिक्षणविषयक सरकारी ठराव झाला, त्यात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष वेधलं गेलं आणि १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं. पुढे बी.टी. ही पदवी आली. आपल्या आजोबांच्या पिढीतले मास्तर नावापुढे 'बी.ए., बी.टी.' असं अभिमानाने लावत. त्याचीच पुढे बी.एड. झाली.

जीवशास्त्राच्या शिक्षकाची गरज मात्र खऱ्या अर्थाने स्वातंत्र्यानंतर निर्माण झाली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत सामान्य विज्ञान असावं असं सांगितलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचं करायला सुचवलं. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. विज्ञान सर्वांना म्हटल्यावर खेड्यापाड्यांतल्या हायस्कुलांनाही विज्ञानाचा शिक्षक हवा झाला.

असा शिक्षक घडवायचा कसा? एक वाट १९६३ मध्ये निघाली. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं सुरू झाली. तिथे विषय आणि अध्यापन ही दोन्ही चार वर्षं बरोबरीने शिकवण्याचा अभ्यासक्रम होता. पण बहुतेकांची वाट दुसरी होती. आधी बी.एस्सी., मग एका वर्षात बी.एड. आपल्या बाई याच वाटेने आल्या. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर, बी.एड.ला विज्ञान आणि गणित हे अध्यापनाचे विषय. नोकरी लागली तेव्हा पहिली काही वर्षं वाट्याला गणितच आलं. "फूल हातात धरायला मला पाच वर्षं थांबावं लागलं," असं त्या हसत म्हणाल्या.

त्या एका वर्षात काय काय असायचं, तेही त्यांनी सांगितलं. आधी सूक्ष्म अध्यापन. हे तंत्र अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघालं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, त्यात प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन असं एकच कौशल्य, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच सहाध्यायी. ते शहाण्यासारखी उत्तरं देणारच! मग शाळेतले सराव पाठ. त्यांची चौकट एकोणिसाव्या शतकातल्या हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या अनुयायांनी बसवलेल्या पाच पायऱ्यांवरून आलेली. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विषय विवेचन. त्या क्रमाने पाठ टाचण लिहायचं, आणि त्यात 'विद्यार्थी कृती' असा एक रकाना.

"त्या रकान्यात मुलं काय उत्तर देतील ते आदल्या रात्री आपणच लिहायचं," बाई म्हणाल्या. "वर्गात ते तसं कधीच येत नाही. त्या बाईंच्या टाचणात 'जास्वंद' लिहिलेलं असणार. ते आल्याशिवाय हेतुकथन करायचं कसं? आणि मागे मार्गदर्शक शेरा लिहीत बसलेले."

मी चपापले. सॉफ्टवेअर तपासताना अपेक्षित उत्तराचा असाच रकाना मी रोज भरते. माझं उत्तर चुकलं तर मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करते. त्यांना तो पाठ पुन्हा द्यावा लागला, वेगळ्या वर्गावर. बाईंनी आपल्याला तेव्हा हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आवारातल्या झाडाची फुलं आणून, कुणालाही न रागावता, त्यांनी तोच धडा घेतला होता. माझ्या उत्तरापासूनच सुरुवात केली होती: "प्लॅस्टिकच्या फुलात काय नसतं ते आज बघू." तेव्हा मला तो टोमणा वाटला. आता वाटतं, रकान्यात न बसणारं उत्तर कसं वापरायचं, हे त्या एका वर्षात नव्हे, वर्गावर उभ्या राहून शिकल्या होत्या.

पुढच्या बदलांचा रोख तिकडेच दिसतो. न्या. वर्मा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांची झाली आणि त्यात वीस आठवडे शाळेत काढणं आलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम मुख्य मानला आहे. म्हणजे १९६३ ची वाट पुन्हा हमरस्ता होऊ पाहते आहे. अनुभवी शिक्षकाच्या शेजारी उभं राहून शिकायला नवख्याला पुरेसा वेळ मिळाला, तर हा बदल खरा म्हणायचा.

त्या बी.एड.च्या बाईंचं नाव आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारलं. कुणालाच आठवत नाही. फुलं मात्र सगळ्यांना आठवतात. आपल्या वर्गातल्या तिघी-चौघी आज शिक्षिका आहेत. त्यांनी वर्गावर आलेल्या छात्राध्यापकांना सांभाळून घ्यावं, आणि आपल्या घरात नववीतली मुलं असतील तर त्यांना ही गोष्ट सांगावी, एवढीच विनंती. आणि बाई, स्नेहसंमेलनाला येताना मी जास्वंद घेऊन येणार आहे. खरी.