बीज आणि खाचर



कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील शाळांतून माझी सारी नोकरी झाली. प्रार्थनेच्या वेळीं मुलांना उंचीप्रमाणें उभें करण्याचें काम बहुधा मजकडे असे. रांगेच्या पुढल्या टोंकास नेहमीं कातकरवाडीवरचींच मुलें येत. दहा वर्षांचा मुलगा गांवांतल्या आठ वर्षांच्या मुलाएवढा दिसे. आम्ही शिक्षक म्हणत असूं, "रक्तच तसलें, त्याला कोण काय करणार?" या एका वाक्याचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

हा विचार आमच्या डोक्यांत आपोआप उगवलेला नव्हता. १८६९ सालीं इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन यानें बुद्धि आणि थोरवी वंशपरंपरेनें उतरतात असें प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. दोनच वर्षांनीं, १८७१ सालीं, हिंदुस्थान सरकारनें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावें लागलें. या दोहोंचा परस्परांशीं संबंध असो वा नसो, वारा एकाच दिशेचा होता. आणि रक्त हें एकदां कारण ठरलें, म्हणजे कोणाच्या ताटांत काय पडतें हें पाहावयाचें कारणच उरत नाहीं.

कातकऱ्याच्या ताटांत काय पडत होतें? त्याचें नांवच कातावरून पडलेलें. खैराच्या गाभ्याचा काढा आटवून कात पाडावयाचा, आणि रानांतले कंद, नदींतले मासे, ओढ्यांतले खेकडे व लहानसहान शिकार यांवर गुजराण करावयाची, ही त्याची जुनी रीत. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं आणि खैरावर कुऱ्हाड चालविणें हा गुन्हा झाला. कातकरी आधीं कोळशाच्या भट्टीवर आणि पुढें विटांच्या भट्टीवर गेला. ताटांत राहिला तो भात किंवा भाकर, आणि वर मीठ-मिरची.

बीज आणि क्षेत्र यांचा निवाडा मात्र एका वनस्पतिशास्त्रज्ञानें केला. डेन्मार्कमधील योहानसेन यानें १९०३ सालीं घेवड्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच शुद्ध वाणांतील मोठे दाणे एकीकडे आणि बारीक दाणे दुसरीकडे पेरले, तरी दोहोंच्या पिकाचे दाणे सरासरीनें सारखेच निघाले. म्हणजे दाण्याचें मोठेपण मातीनें दिलेलें होतें, बीजानें नव्हे. पुढें १९०९ सालीं 'जीन' हा शब्द त्यानेंच प्रचारांत आणला. कर्जतला भाताचें संशोधन केंद्र आहे. तेथील एकच वाण सकस खाचरांत आणि खडकाळ खाचरांत कसें निराळें दिसतें, हें आमच्याकडील कोणताही शेतकरी सांगेल.

रक्ताला कांहीं अर्थच नाहीं, असें मात्र मी म्हणत नाहीं. सिकलसेल हा आजार निखळ आनुवंशिक आहे. १९१० सालीं शिकागोच्या डॉ. हेरिक यांनीं विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचें वर्णन केलें. आपल्या देशांत त्या १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत आढळल्या, आणि पुढें विदर्भ व नंदुरबारकडेही. आईबाप दोघांकडून हा दोष आला तर आजार जडतो. एकाकडूनच आला तर जीवघेण्या हिंवतापापासून बरेंच रक्षण होतें, हें ॲलिसन यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंतील अभ्यासावरून दाखविलें. तेव्हां हा रक्ताचा गुण पिढ्यानपिढ्या टिकला तोही डांसांच्या मुलखांत जगावें लागलें म्हणूनच.

परंतु अंगकाठी केवळ मातीचें देणें असेल, तर ती आईकडून लेकीकडे उतरतांना कां दिसते? याचें उत्तर शोधण्याचें मोठें काम आमचा बोरघाट चढून गेल्यावर, पुण्याजवळ झालें. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गांवांतील स्त्रियांची गरोदरपणाआधींपासून पाहणी आरंभिली. तेथील अर्भकांचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांत साउदॅम्प्टनचें सुमारें ३.५ किलो. नवल असें कीं, हीं मुलें सर्वांगानें सारखीं लहान नव्हतीं. मांस उणें, पण कातडीखालची चरबी त्या मानानें राखलेली. हीच ठेवण पुढें मधुमेहाकडे नेते. ज्या आया पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं मुलें मोठीं होतीं. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव तर बहुसंख्य आयांत निघाली.

याहून मागें जावें लागतें. मुलीच्या शरीरांतील बीजकोश ती स्वतः आईच्या पोटांत असतांनाच तयार होतात. म्हणजे आपल्या प्रत्येकाचा आरंभ आजीच्या पोटांत झालेला असतो. हॉलंडांत १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत उपासमार झाली. त्या दिवसांत गर्भांत आलेल्या माणसांच्या जनुकांवर रासायनिक खुणांचा फरक सहा दशकांनंतरही सांपडल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. बीजाची अक्षरें तींच होतीं. तीं कोणतीं वाचावयाचीं याच्या खुणा भुकेनें बदलल्या. हॉलंडची उपासमार एका हिंवाळ्याची होती. आमच्या वाड्यांवरची किती हिंवाळ्यांची?

दिवाळी उलटली कीं खालापूर-कर्जतच्या वाड्या आजही रिकाम्या होऊं लागतात. उचल घेतलेलें कुटुंब पावसाळ्याच्या तोंडापर्यंत भट्टीवर राहतें, आणि त्यांत दिवस गेलेल्या बायाही असतात. निवृत्त होतांना मीं शाळेचीं जुनीं आरोग्यपत्रकें चाळलीं. उंची, वजन, दांत, डोळे असे रकाने होते, आणि शेवटीं 'शेरा'. त्या रकान्यांत कितीतरी नांवांपुढें माझ्याच अक्षरांत "मूळची अंगकाठी लहान" असें लिहिलेलें आढळलें. हा मुलगा पोटांत असतांना आई कोणत्या भट्टीवर होती आणि काय खात होती, हें विचारून लिहावयास त्या रकान्यांत जागा पुष्कळ होती.