गुळवेल परळला गेली

गुळवेल आमच्याकडं कुणी लावत नाही. बांधावरच्या लिंबावर ती आपसूक चढते. तोडून फेकलेलं कांडं पावसात परत फुटतं. अमृता हे नाव तिला त्यावरूनच पडलं असावं. तापाला तिचा काढा ठरलेला. पण तो काढा अंगात जाऊन करतो काय, हे नीट तपासलं गेलं ते गिरणगावात, परळच्या केईएम हॉस्पिटलात.

केईएम १९२६ सालचं. शेजारच्या गोरधनदास सुंदरदास कॉलेजाला देणगी देतानाच अट होती की शिकवणारे भारतीयच हवेत. तरी आपल्या झाडपाल्याची पाळी यायला साठेक वर्षं गेली. औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी तिथं आयुर्वेद संशोधन केंद्र उभं केलं. 'वृक्षगान' लिहिणाऱ्या डहाणूकरबाई त्याच.

त्यांनी आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी उंदरांच्या पोटात ई. कोलाय जंतू सोडले. आधी गुळवेलीचा अर्क पाजलेले उंदीर पुष्कळ वाचले. गंमत पुढंच आहे. तोच अर्क काचनळीत जंतूंवर टाकला, तर जंतू मरेनात! म्हणजे गुळवेल जंतू मारत नव्हती, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते गिळायचं बळ देत होती. आपण फवारा मारतो किडीवर. हे पिकाला खत घातल्यासारखं झालं.

मग माणसांवर. कर्करोगाच्या गाठीनं पित्ताची नळी तुंबली की कावीळ होते, आणि शस्त्रक्रियेनंतर जंतू रक्तात पसरून माणूस दगावतो. सर्जन डॉ. रवी बापट ह्या कामात होते. 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' वाचलेल्यांना ते ठाऊक आहेत. १९९३ साली निकाल छापला. रुग्ण तीस, गट दोन. अँटिबायोटिक दोघांनाही, एका गटाला सोबत गुळवेल. नुसत्या औषधावरच्या गटात निम्म्यांना रक्तात जंतुदोष झाला, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगले ते एकीकडं ४० टक्के, दुसरीकडं ९२. तीस म्हणजे फार माणसं नव्हेत, हेही धरून चालावं. आणि अँटिबायोटिक कुणाचंच बंद केलेलं नव्हतं, हे तर लोक विसरूनच जातात.

कोरोनात तसंच झालं. जो तो गुळवेल उकळून प्यायला लागला, मापाचा पत्ता नाही. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडं लिव्हर सुजलेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालय म्हणालं, ही गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. त्यावर डॉक्टरांचं आणि मंत्रालयाचं बरंच जुंपलं.

तशी वेल आहे, हे खरं. पान दोन्हीचं हृदयाच्या आकाराचं, पण तिच्या खोडावर चामखिळीसारखे फोड असतात. वेलीवर असताना ओळखता येतं. पाला काढून, तुकडे करून, वाळवून पोत्यात भरल्यावर कोण ओळखणार? आमच्याकडं व्यापारी येतो तो वजन विचारतो, भाव विचारतो. वेल कुठल्या झाडावरची, ते त्यानं अजून एकदाही विचारलेलं नाही.