मोगलाईच्या सीमेवरचा मुसाफिरखाना

आमच्या केममध्ये वयस्क माणसे अजूनही परंड्याच्या बाजूला ‘मोगलाई’ म्हणतात. “पोरगी मोगलाईत दिली”, “बैल मोगलाईतून आणला” असे सहज बोलले जाते. मोगल गेले, निजामही गेला, त्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नावही २०२३ साली जाऊन धाराशिव झाले. पण शब्द राहिला. करमाळा, माढा, बार्शी हे तालुके इंग्रजी मुलखात होते आणि परंडा, भूम, तुळजापूर निजामाच्या. मधल्या सीमेवर कुठे ओढा होता, कुठे नुसता बांध.

पण ती सीमा पाळावी लागे. निजामाच्या हद्दीत माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का. सहा कलदारांना सात हाली, असा ढोबळ भाव चाले. बार्शी ही या सीमेवरची मोठी पेठ. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी तिथे आली. लातूरला तिचे रूळ पोचले १९११ साली. तोवर मोगलाईतला कापूस बैलगाड्यांनीच बार्शीला येई. माल उतरवला, हिशेब झाला, रात्र पडली, की गाडीवाला, व्यापारी, हमाल झोपायचे कुठे, हा या लेखाचा विषय.

तो सुचला त्याचे कारण सांगतो. शाळेच्या एका प्रशिक्षणासाठी मला बार्शीत एक रात्र राहायचे होते. पहिल्या लॉजवर खोली आहे असे फोनवर कळले होते. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड हातात घेतले, नाव वाचले, आत जाऊन आला आणि म्हणाला, “सर, रूम आत्ताच गेली.” अशा वेळी वाद घालता येतो, पण रात्रीचे नऊ वाजलेले असतात. दोन गल्ल्या पुढे एक जुने लॉज मिळाले. लाकडी जिना, खोलीत एक खाट, एक माठ, बाथरूम बाहेर. व्यवस्थापक सत्तरीचे होते. त्यांनी पुढे केलेल्या छापील वहीत नाव, गाव, कोठून आलात, कोठे जाणार असे रकाने होते आणि त्यांच्यामध्ये ‘जात’ असाही एक. मी पेन थांबवले. ते म्हणाले, “ते सोडा गुरुजी. जुन्या वह्या आहेत, संपेपर्यंत वापरायच्या.”

मुसाफिराला आपल्या दीनमध्ये हक्क आहे. जकातीचे जे आठ हकदार कुरआनने सांगितले, त्यांत ‘इब्नुस्सबील’ म्हणजे वाटसरू आहे. घरी तो श्रीमंत असेल, पण वाटेत अडला तर हकदार. सफरीत नमाजही कसर होते. या विचारातून मुस्लिम राजवटींत सराया उभ्या राहिल्या. सोलापूरला लागून असलेल्या विजापुरात ताजबावडी आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६२० साली, मलिक संदलने ती बांधली. बावडीच्या दोन्ही अंगांना मुसाफिरांसाठी ओवऱ्या काढल्या. पाणी आणि मुक्काम यांची सोय एकत्र केलेली. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की ज्यांच्या दर्ग्यात आहे, त्या बुखाराकडून आलेल्या सूफींचे नावच बाबा शाह मुसाफिर. तिथे दळलेले पीठ फकिरांना, तालिबे-इल्मांना आणि यात्रेकरूंना मिळे. गावोगावी एवढे वैभव नव्हते, पण मशिदीची पडवी होती, फकिराचा तक्या होता. हिंदू वाटसरूला मठ, धर्मशाळा, मारुतीचा पार. इंग्रजांनी १८६७ साली सरायांसाठी कायदाच केला. सराईची नोंदणी, साफसफाई, राखणदार आणि दरांचा तक्ता लावणे हे सारे त्यात आले.

रेल्वेने हे चित्र बदलले. केमवरून गाडी धावू लागली ती १८५९ च्या सुमारास. तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनला ‘बार्शी रोड’ म्हणत. सोलापूरला ती १८६० साली पोचली. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी स्टेशनात जो उघडा मांडव असे, त्याला आमच्याकडे मुसाफिरखानाच म्हणत. सराईचा जुना शब्द लोखंडी खांबांच्या छपराला मिळाला. इथे सगळ्या जाती एका छपराखाली आल्या हे खरे; पण पाणी एक झाले नाही. ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे पाणीवाले फलाटावर ओरडत फिरत, आणि ते स्वातंत्र्यापर्यंत चालले. ज्याला दोघेही पाणी देत नसत, त्याच्यासाठी आरोळी नव्हती.

इथे आपल्या लेखकांची लेखणी बहुधा थांबते. सराईचा गौरव करून आपण मोकळे होतो. मला तसे करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत मुक्कामाचे प्रसंग लिहून ठेवले आहेत. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना कुणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. त्यापुढचा प्रसंग आपला आहे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह निजामाच्या राज्यात वेरूळ पाहायला निघाले आणि दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. महिना रमजानचा. दाराजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले, तेव्हा एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ‘हौद बाटवला’ म्हणून ओरडत आला आणि जमाव जमला. ज्या हौदावर वुजू करून माणसे एका सफेत उभी राहतात, त्या हौदावर हे घडले. वाटसरूचा हक्क सांगणारा दीन आपला, आणि वाटसरूला हौदावरून उठवणारी माणसेही आपलीच. पंढरपुरात गाडगेबाबांना चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली, ती याच काळातल्या समाजात. पुढे १९४९ साली बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली.

मग १९४८ आले. कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या रझाकारांनी मोगलाईत जो धुमाकूळ घातला, त्याने कितीतरी हिंदू कुटुंबे गाडीत भांडी-अंथरुणे टाकून सीमा ओलांडून बार्शी-सोलापूरकडे आली. धर्मशाळा भरल्या, स्टेशने भरली. १३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूने मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा आत शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले. १७ तारखेला निजामाने लढाई थांबवली. त्यानंतर उलट्या दिशेने जे झाले त्याबद्दल आपल्या घरांतून हळू आवाजात बोलले जाई. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती त्या वर्षाअखेर फिरून आली. निदान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. बाकी गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल सामान्य वाचकाला पाहायला मिळाला २०१३ साली, म्हणजे ६५ वर्षांनी.

माझी नानी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, परंड्याकडच्या एका खेड्यातली. दोन रात्री कुर्डुवाडीच्या मुसाफिरखान्यात काढल्या, एवढेच ती सांगे. कोण वारले, घर कुणी घेतले, हे विचारले की उठून जाई. एक गोष्ट मात्र न विचारता सांगायची. बाजूला एक मराठा बाई मुलांसह बसली होती, तीही मोगलाईतलीच, काही महिन्यांपूर्वी रझाकारांच्या भीतीने घर सोडलेली. आता परत निघाली होती. तिने नानीच्या आईला भाकरी दिली. नाव दोघींनीही विचारले नाही. विचारले असते तर भाकरी घशाखाली उतरली नसती, असे नानी म्हणे.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांमुळे कुणालाही हॉटेलात मज्जाव करायला बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द नावानिशी आले आहेत. कायदा करणाऱ्यांना अपमान नेमका कुठे होतो हे माहीत होते. पण ‘रूम आत्ताच गेली’ या वाक्यावर कुठले कलम लावायचे? मोगलाईतल्या नाक्यावर निदान जकातीची पावती मिळत असे.

त्या रात्री जुन्या लॉजच्या वहीत मी लिहिले : कोठून आलात – केम. कोठे जाणार – परत केम. व्यवस्थापकांनी माठ भरून दिला आणि फजरला उठायचे असेल तर खालचे दार स्वतः उघडून देतो म्हणाले. म्हणजे नाव त्यांनीही वाचले होते. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला आलेल्या सहकाऱ्यांनी विचारले, पहिल्या लॉजची तक्रार का केली नाही? मी म्हटले, साडेदहाला हजेरी होती. त्यांतल्या दोघांनी संध्याकाळी जाऊन चौकशी केली. खोल्या रिकाम्या होत्या.